तुमचा वॉर्ड कोणता?

मुंबईत दोन अनोळखी माणसे भेटली की नावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो, "राहायला कुठे?" यावर 'मुंबईत' असे उत्तर कोणी देत नाही. दहिसर म्हटले की पुढचा प्रश्न येतो, "ईस्ट की वेस्ट?" आणि ईस्ट म्हटले की आणखी एक, "नाक्याच्या अलीकडे की पलीकडे?" एवढ्या तीन प्रश्नांत विचारणाऱ्याला घराचे भाडे किती असेल आणि सकाळी लोकलमध्ये काय हाल होत असतील, याचा अंदाज आलेला असतो. शहराची ही वाटणी आपण रोज तोंडात घोळवतो. पण जन्माचा दाखला काढायची, मुलीचा जातीचा दाखला मिळवायची किंवा गल्लीतले तुंबलेले गटार उपसून घ्यायची वेळ आली की आपण हमखास भलत्याच कचेरीच्या रांगेत उभे असतो. शिक्षक म्हणून आम्ही हे फार पाहिले आहे. पालक शिकलेले असतात, हक्कांची जाणीव असते, पण आपण नेमके कोणाच्या हद्दीत राहतो हे सांगता येत नाही. त्यांचाही इलाज नसतो, कारण हद्द एक नाही. आपल्या एकाच घरावरून सात-आठ रेषा गेलेल्या आहेत आणि प्रत्येक रेषा वेगळ्या खात्याने आखलेली आहे.

सुरुवात महानगरपालिकेपासून करू. पालिकेची वाटणी इंग्रजी अक्षरांची आहे आणि ती दक्षिणेच्या टोकापासून सुरू होते. कुलाबा-फोर्ट म्हणजे ए. डोंगरी, उमरखाडी, मांडवी हा बी. भुलेश्वर, धोबीतलाव सी. गिरगाव, वाळकेश्वर डी. माझगाव, भायखळा, नागपाडा ई. परळ, शिवडी, सायन एफ आणि वरळी, माहीम जी. १९०९ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये मुंबई एवढीच आहे, ए ते जी, सात वॉर्ड. तेव्हाची मुंबई माहीम आणि सायनला संपत होती. आज रिक्षा जिथे थांबते आणि पुढे फक्त टॅक्सी मिळते तीच ती जुनी वेस. पुढे १९५० मध्ये जवळची उपनगरे आत आली आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी हद्द पश्चिमेला दहिसर आणि पूर्वेला मुलुंडपर्यंत पोहोचली. अक्षरेही पुढे सरकली. वांद्र्याला एच, अंधेरीला के, कुर्ल्याला एल, चेंबूरला एम, घाटकोपरला एन, मालाड-गोरेगावला पी, कांदिवली-बोरिवली-दहिसरला आर, भांडुपला एस आणि मुलुंडला टी. ही अक्षरे फळ्यावर लिहिली की मागच्या बाकावरून कोणी तरी विचारतोच, "सर, आय आणि जे कुठे गेले?" आय, जे, ओ आणि क्यू ही चार अक्षरे मुंबईच्या वाटणीत नाहीत. मुलांना या गोष्टीची भारी गंमत वाटते.

वस्ती वाढली तशी एकेका अक्षराचे तुकडे झाले. एच आणि के रेल्वेरुळांवरून पूर्व-पश्चिम असे तुटले, एफ, जी आणि पी दक्षिण-उत्तर असे. आरचे मात्र तीन तुकडे झाले. आर दक्षिण म्हणजे कांदिवली, आर मध्य म्हणजे बोरिवली आणि आर उत्तर म्हणजे आपले दहिसर. 'मध्य' असा तुकडा पडलेले मुंबईतले हे एकच अक्षर. असे मिळून २४ विभाग बरीच वर्षे होते. अलीकडे मालाडचा पी उत्तर फारच फुगल्याने तो तोडून पी पूर्व हा नवा विभाग करण्यात आला. प्रत्येक विभागाला एक सहायक आयुक्त असतो. पाणी, कचरा, गटार, रस्त्याचे दिवे, अनधिकृत बांधकाम, जन्म-मृत्यूची नोंद अशी सगळी रोजची कामे त्याच्या कार्यालयातून चालतात. आर उत्तरचे कार्यालय दहिसर पश्चिमेला, संगीतकार सुधीर फडके उड्डाणपुलाजवळ आहे.

ही वाटणी समान आहे असे मात्र कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत बी विभागाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास होती, आर उत्तरची सव्वाचार लाखांहून अधिक आणि पी उत्तरची नऊ लाखांच्या वर. सहायक आयुक्त मात्र तिन्हीकडे एकेकच. डोंगरीतून दहिसरला राहायला आलेले लोक म्हणतात, "तिकडे साहेब ओळखायचे, इकडे टोकन घ्यावे लागते." यात साहेबांच्या स्वभावाचा भाग कमी आणि वाटणीचा जास्त. तसे डोंगरीतही गल्ल्या दाटच आहेत आणि इमारती जीर्ण, त्यामुळे तिथले सगळे सुखात आहेत असेही नाही.

आता गंमत पाहा. पालिकेची दुसरी वाटणी आकड्यांची आहे. नगरसेवक निवडून येतात ते २२७ प्रभाग. 'विभाग' आणि 'प्रभाग' हे दोन शब्द कागदावर वेगळे, बोलताना मात्र आपण दोघांनाही 'वॉर्ड' म्हणतो, आणि निम्मा घोळ इथेच होतो. अक्षरांची मोजणी कुलाब्यापासून सुरू होते, तर आकड्यांची दहिसरपासून. प्रभाग क्रमांक १ आपल्याकडे आहे आणि २२७ कुलाब्यात. म्हणजे अक्षरांच्या हिशेबात पश्चिम रेल्वेमार्गावरचे आपण शेवटचे आणि आकड्यांच्या हिशेबात पहिले. पहिल्या क्रमांकाचा आपल्याला विशेष काही लाभ झाल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. शिवाय मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मधल्या काळात आकडे होते, पण त्यांच्यामागे माणूस नव्हता. अक्षरेच कारभार पाहत होती. नगरसेवकांच्या प्रभाग समित्या असतात, त्याही १७ च. आर मध्य आणि आर उत्तर यांची मिळून एक समिती, म्हणजे तिथे बोरिवली आणि दहिसर एका टेबलावर बसतात.

पालिकेच्या रेषा एवढ्या. यापेक्षा जुनी आणि घराच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची रेषा आहे जिल्ह्याची. दहिसर गावठाणात असे घर सापडू शकते, जिथे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'तालुका बोरिवली, जिल्हा ठाणे' लिहिले आहे, वडिलांच्या दाखल्यावर 'बृहन्मुंबई' आहे आणि नातवाच्या दाखल्यावर 'मुंबई उपनगर'. घर जागचे हलले नाही, विहीर हलली नाही, जिल्हा मात्र तीन झाले. १९५७ मध्ये दहिसर बृहन्मुंबईत येईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते. पुढे १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबईचेच दोन जिल्हे झाले, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. शहर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी फोर्टातल्या जुन्या जकात घरात बसतात, उपनगरचे वांद्रे पूर्वेला. उपनगर जिल्ह्यात तीन तालुके आहेत, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. दहिसर बोरिवली तालुक्यात. २०११ मध्ये शहर जिल्ह्यात ३० लाख ८५ हजार माणसे होती आणि उपनगरात ९३ लाख ५७ हजार. नाव 'उप'नगर, आणि माणसे तिप्पट!

इथे थोडे विषयांतर करतो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे ते केल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. मराठी मुलांना वाटते 'जिल्हा' आपला आणि 'मोहल्ला' उर्दूचा. जिल्हा हा अरबी 'ज़िला' आहे. त्याचा मूळ अर्थ बरगडी, बाजू. जमिनीच्या देहाची एक बरगडी म्हणजे जिल्हा. 'तालुका'ही अरबीच. 'तअल्लुक' म्हणजे संबंध, आणि जो भाग कोणाशी जोडलेला तो तालुका. दहिसरमधल्या सदनिकेचा करारनामा काढून पाहा, त्यात आजही 'मौजे दहिसर' असे लिहिलेले सापडेल. वीस मजली टॉवर असला तरी सरकारदरबारी तो 'मौजे'तच उभा असतो. 'मौजे' म्हणजे अरबी 'मौज़ा', ठिकाण. 'महसूल', 'कसबा' हे त्याच घराण्यातले. आणि मोहल्ला? 'मोहल्ला' आणि 'महल' हे दोन्ही एकाच धातूचे, त्याचा अर्थ प्रवासात उतरणे, सामान खाली ठेवणे, मुक्काम करणे. जिथे माणसाने उंटावरचे ओझे उतरवले तो मोहल्ला. इस्तंबूलमध्ये ३९ जिल्हे आहेत आणि त्यांच्या पोटात 'महल्ले'. तिथल्या प्रत्येक महल्ल्यातले रहिवासी आपला एक 'मुख्तार' निवडून देतात. पॅरिसचे १८६० पासून २० विभाग आहेत, त्यांचे आकडे शहराच्या मध्यापासून गोगलगाईच्या शंखासारखे गोल फिरत बाहेर जातात. आपल्याकडे अक्षरे एका टोकाने येतात आणि आकडे दुसऱ्या टोकाने.

जुन्या मुंबईतले मोहल्ले कोण उतरले त्यावरून ओळखले गेले. बोहरी मोहल्ला, मेमनवाडा, कुंभारवाडा. दहिसरला मोहल्ले नाहीत, इथे पाडे आहेत. केतकीपाडा, रावळपाडा, कांदरपाडा, घरटणपाडा, कोकणीपाडा. पाडा म्हणजे शेताच्या किंवा जंगलाच्या कडेची छोटी वस्ती. नागपाडा आणि आग्रीपाडाही कधी काळी असेच पाडे होते, आज ते शहराच्या पोटात आहेत आणि तिथे पाडा शोधूनही सापडणार नाही. आपल्याकडचे पाडे अजून थोडे ओळखू येतात. नावाच्या शेवटच्या दोन अक्षरांवरून वस्तीचे वय सांगता येते, हा खेळ आम्ही मुलांकडून करवून घेतो. 'पाडा' आणि 'गावठाण' सर्वांत जुने. 'कॉलनी' साधारण नंतरची, आणि तिच्यात बहुधा एखादी संस्था लपलेली असते. आय.सी. कॉलनी हे नाव इमॅक्युलेट कन्सेप्शन या चर्चवरून आले, मंडपेश्वरच्या शैव लेण्यांजवळ पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष आहेत. एल.आय.सी. कॉलनी आयुर्विमा महामंडळाची. एम.एच.बी. कॉलनी महाराष्ट्र हाउसिंग बोर्डाची, म्हणजे म्हाडाच्या आधीच्या मंडळाची. मंडळ गेले, पण त्याचे नाव आज चक्क एका पोलीस ठाण्याला आहे. 'नगर' म्हटले की दोन शक्यता, एक तर नियोजित वसाहत, नाही तर झोपडपट्टी. तिवरांच्या कडेला, लिंक रोडलगत वसलेले गणपत पाटील नगर हे दुसऱ्या प्रकारचे. 'हाइट्स', 'रेसिडेन्सी', 'एन्क्लेव्ह' ही गेल्या पंचवीस वर्षांतली. एप्रिल २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा एक चांगली गोष्ट झाली, स्थानकांना कांदरपाडा, देवीपाडा, ओवरीपाडा अशी पाड्यांची नावे मिळाली. नाही तर पुढच्या पिढीने ती कुठे वाचली असती?

आता बाकीच्या रेषा पाहू. त्या एकमेकींशी जुळत नाहीत हेच त्यांचे वैशिष्ट्य. पालिकेचा विभाग एकच, आर उत्तर, पण पोलीस ठाणी वेगळी. रुळांच्या पूर्वेला दहिसर पोलीस ठाणे, पश्चिमेला एम.एच.बी. कॉलनी. ही दोन्ही पोलिसांच्या वेगवेगळ्या परिमंडळांत येतात, त्यामुळे वरचे उपायुक्तही वेगळे. दहिसरचा पिन ४०००६८, पण आय.सी. कॉलनीचा ४००१०३. विधानसभेचा दहिसर मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून आहे, क्रमांक १५३, लोकसभेला आपण मुंबई उत्तर. मतदारसंघाच्या हद्दी आणि पालिकेच्या विभागाच्या हद्दी सारख्या असतील असे धरून चालू नये. नदीलाही स्वतःचे म्हणणे आहे. तुळशी तलावाकडून निघालेली दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून बोरिवलीत उतरते आणि कांदरपाडा, गावठाण करत मनोरीच्या खाडीला मिळते. ती आर मध्य आणि आर उत्तर यांतला फरक जाणत नाही. वरच्या विभागात टाकलेला कचरा पावसाळ्यात खालच्या विभागाच्या दारात येतो.

आणि मग नाका. दहिसर चेकनाका ओलांडला की महानगरपालिका मिरा-भाईंदर, जिल्हा ठाणे, लोकसभा ठाणे. पोलीस आयुक्तालय मिरा-भाईंदर वसई-विरार, तेही ऑक्टोबर २०२० पासूनचे, त्याआधी ठाणे ग्रामीण पोलीस होते. पिन ४०१ ने सुरू होतो. फोनचा कोड मात्र ०२२ च. बेस्टची बस नाक्यापलीकडे जाते. रेशनच्या नकाशात तर मिरा-भाईंदर, ठाणे, कल्याण हे सगळे मुंबईच्याच शिधावाटप नियंत्रकांच्या अखत्यारीत. म्हणजे पत्राला मिरा रोड परका, फोनला आपला. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांचा टोल बंद झाला, त्यामुळे ईदला भावाकडे मोटार घेऊन जाणाऱ्यांचे पैसे वाचू लागले. कागदपत्रांचा नाका मात्र तिथेच आहे.

तो नाका किती महागात पडतो, याचे एक उदाहरण आम्ही जवळून पाहिले. आमच्या एका विद्यार्थिनीला बारावीनंतरच्या प्रवेशासाठी ओबीसीचा दाखला हवा होता. आजोबा मदनपुऱ्यात यंत्रमागावर होते. वडील लग्नानंतर दहिसरला आले, पुढे मुले वाढली, खोली पुरेना, म्हणून मिरा रोडला गेले. मुलगी शाळेला मात्र दहिसरलाच येत राहिली. आता या मुलीचा जिल्हा कोणता? वडिलांनी साहजिकच घराजवळून सुरुवात केली, ठाणे जिल्ह्यात अर्ज केला. तिथे सांगण्यात आले की तुमचा पुरावा ठाण्याचा नाही. मग ते वांद्र्याला गेले, कारण मुलीचा जन्म आणि शाळा उपनगरातली. तिथूनही परत आले. शेवटी कोणी तरी नेमका प्रश्न विचारला, "१९६७ मध्ये तुमचे वडील कुठे राहत होते?"

सगळी गोष्ट या प्रश्नात आहे. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात. त्या दिवशी तुमचे वडील किंवा आजोबा जिथे कायम राहत होते ते तुमचे मूळ ठिकाण. आज तुम्ही कुठे राहता हा प्रश्न नंतरचा. त्या वेळी बृहन्मुंबई हा एकच जिल्हा होता. पण १९९० मध्ये त्याचे दोन झाल्यावर मदनपुरा पडला शहर जिल्ह्यात. म्हणजे या मुलीचे काम फोर्टातल्या जुन्या जकात घराकडचे. ज्या घरात ती कधी राहिली नाही, ज्या गल्लीत ती फक्त शादीला गेली, ती गल्ली तिचा जिल्हा ठरवत होती. आजोबांचा पालिका शाळेतला उर्दू माध्यमाचा दाखला चुलत्याच्या ट्रंकेत सापडला. दाखला हाती आला तेव्हा प्रवेशाची पहिली फेरी संपलेली होती. तिला प्रवेश मिळाला, पण हवा होता त्या महाविद्यालयात नाही, आणि पहिल्या वर्षाची पूर्ण फी भरून. वडिलांनी त्यासाठी रिक्षा गहाण टाकली.

ज्यांची मुले आज आठवी-नववीत आहेत त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. आजोबांचा शाळेचा दाखला, जुने रेशन कार्ड, घरभाड्याची जुनी पावती, जे असेल ते आत्ताच शोधून ठेवा. त्यावर कोणत्या गल्लीचे नाव आहे ते वाचा आणि ती गल्ली आज कोणत्या जिल्ह्यात येते ते पाहा. कोकणातून किंवा मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांना तर मूळ तालुक्याला एक फेरी मारावी लागेल. ती दहावीच्या सुट्टीत मारा. बारावीच्या निकालानंतर नको.

जन्मदाखल्याचेही असेच. नोंद जिथे जन्म झाला तिथल्या विभागात होते, राहत्या घराच्या विभागात नाही. दहिसरच्या बाईची प्रसूती कांदिवलीच्या शताब्दीत झाली तर नोंद आर दक्षिणला, परळच्या के.ई.एम.मध्ये झाली तर एफ दक्षिणला. माहेरी खेडला झाली तर रत्नागिरी जिल्ह्यात. जन्म असो की मृत्यू, नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालय नोंद पाठवते, पण त्यात नाव बरोबर लिहिले आहे की नाही हे आपणच पाहायचे असते. आमच्याकडे शेख, शाइख आणि शैख अशी तीन स्पेलिंगे एकाच घरातल्या तीन भावंडांची आलेली आहेत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी हा दाखला शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो. तेव्हा ही दुरुस्ती पहिल्या वर्षातच करून घ्यावी.

एवढ्या सगळ्या रेषा सरकारने आखलेल्या. आणखी एक रेषा आहे, ती कोणत्याही नकाशावर नाही. भाड्याने किंवा विकत घर शोधताना दलाल आधी बजेट विचारत नाही, नाव विचारतो. नाव ऐकले की म्हणतो, "त्या बिल्डिंगमध्ये प्रॉब्लेम होईल, तुम्हाला मी दुसरीकडे दाखवतो." ते 'दुसरीकडे' बहुतेक वेळा नाक्याच्या पलीकडे असते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मिश्र वस्त्यांतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला आणि मिरा रोडला गेली, आणि त्या वस्त्या बघता बघता शहरे झाली. पुढे २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. तो निकाल एका संस्थेच्या उपविधींबद्दलचा होता, दलाल मात्र तो कुठेही लागू करतात. आम्हीही घर शोधताना अशी चार दारे पाहिली. पाचवे उघडले. त्या घरमालक बाई महाराष्ट्रीय ब्राह्मण होत्या, त्यांनी विचारले ते एवढेच, "भाडे पाच तारखेपर्यंत द्याल ना?"

आपल्यातही थोडा विचार व्हायला हवा. 'आपल्या लोकांत' राहण्याची ओढ असते आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. अजान ऐकू येते, हलाल गोश्त खालीच मिळते, मय्यतीला शेजारी धावून येतात. पण एकाच रेषेच्या आत सगळे कोंबले गेले की शाळा, दवाखाना, पाणी या सगळ्यांवर ताण येतो, आणि मुलांना वेगळ्या घरातला मित्र मिळत नाही. आमच्या वर्गात रावळपाड्याची, केतकीपाड्याची आणि मिरा रोडची मुले शेजारी शेजारी बसतात. डबे एकमेकांना माहीत असतात. सुट्टी झाली की ती आपापल्या रेषांच्या आत जातात, आणि सुट्टीच्या दिवशी एकमेकांच्या घरी क्वचितच जातात. ते का, हे मुलांना विचारू नये, पालकांनी स्वतःला विचारावे.

शेवटी चालू वर्षाचे काम. रखडलेली जनगणना आता होत आहे. घरयादीचा टप्पा २०२६ मध्ये आहे आणि लोकांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. त्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ नंतर जिल्हे, तालुके आणि वॉर्ड यांच्या सीमा गोठवल्या आहेत, मोजणी होईपर्यंत त्या बदलायच्या नाहीत. या कामावर शिक्षकच असतात. २०११ मध्ये आम्हीही होतो. प्रगणकाला तेव्हा आपल्या भागाचा नजरी नकाशा हाताने काढावा लागला, कोपऱ्यावरचे किराणा दुकान, मशीद, देऊळ, सार्वजनिक नळ, हातपंप अशा खुणा करून. त्या नकाशात गल्लीला गल्लीचे नाव असते आणि प्रत्येक खोलीला नंबर. चाळीच्या मागे आणखी एक बोळ आहे, जिन्याखाली एक कुटुंब राहते, पोटमाळ्यावर दोन भाडेकरू आहेत, हे त्या परक्या माणसाला दारातून दिसत नाही. कोणी सांगितले नाही तर ती माणसे नकाशातून गळतात. पुढे त्या आकड्यांवरून मतदारसंघ आखले जातात आणि शाळा, दवाखाने, पाणी यांचे नियोजन होते, त्यात ती नसतात. तेव्हा दार ठोठावले जाईल त्या दिवशी घरातल्या थोरांना हजर राहायला सांगा, कागदाची फाइल हाताशी ठेवा, कुटुंबातले प्रत्येक नाव नीट उच्चारून सांगा. आणि आलेल्या शिक्षकाला पाणी देऊन झाले की त्याचा नकाशा मागून पाहा, तुमच्या मागचा बोळ त्यात काढला आहे ना.